जुन्या ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगची गळती व तिची परीक्षा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्या आमच्या काटेवाडी, सणसर, भवानीनगर या भागांतील पुष्कळ बागाईतदारांच्या दाराशीं बैलगाडीच्या जागीं आतां ट्रॅक्टर व ट्रक उभे दिसतात. नवा ट्रक घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून दोघे भाऊ किंवा तिघे शेजारी मिळून जुना ट्रक घेतात, गळिताच्या हंगामांत कारखान्यास ऊस वाहतात, व उरलेल्या दिवसांत खत, कडबा, डाळिंबें, पेरू यांची ने-आण करतात. हा व्यवहार वाईट नाहीं. परंतु जुना बैल घेतांना जो शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, त्यास दोन तास जुंपून पाहतो, तोच शेतकरी जुना ट्रक घेतांना केवळ रंग व टायर पाहून सौदा करतो, हें मात्र चांगलें नाहीं. ट्रकच्या ज्या दोषाकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें व ज्याची परीक्षा सर्वांत अधिक वेळां चुकते, त्या एका दोषाविषयीं, म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या तेलगळतीविषयीं, आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं आमची स्वतःची चूक सांगणें योग्य होईल. एका हंगामांत आमच्या मंडळाच्या एका सभासदांनीं आपल्या धाकट्या बंधूसह असाच एक जुना ट्रक घेतला. पंधरा दिवसांतच स्टिअरिंगच्या तेलाची टाकी वारंवार रिकामी होऊं लागली. एका गॅरेजवाल्यानें सबंध स्टिअरिंग बॉक्सच बदलावयास सांगितलें. दुसऱ्यानें, "तेल घालीत राहा, हंगाम निघून जाईल," असा सल्ला दिला. आम्हांस या कामाची थोडीबहुत माहिती असल्यामुळें त्यांनीं आम्हांस बोलाविलें. खालून पाहतां ड्रॉप आर्मच्या मुळाशीं तेल ठिबकतांना दिसलें, व तेथील ऑइल सील गेलें असा निर्णय आम्हीं लागलाच देऊन टाकला. सील बदललें, तिसऱ्या दिवशीं गळती पूर्ववत् सुरू! या खटाटोपांत ट्रक दोन दिवस उभा राहिला, तोडलेला ऊस फडांत सुकत पडला, आणि टोळीस हात बांधून बसावें लागलें. शेवटीं नीट धुऊन पाहिलें तेव्हां दिसून आलें कीं, बॉक्सच्या माथ्यावरून टाकीकडे परत जाणाऱ्या रबरी नळीचें टोंक वाळून चिरलें होतें. तेथून निघालेलें तेल बॉक्सच्या अंगावरून ओघळून ड्रॉप आर्मपाशीं थेंब होऊन पडत होतें. सील निर्दोष होतें. दोष आमच्या उतावळेपणाचा होता. जेथें थेंब पडतो तेथेंच गळती असते असें नाहीं, हा धडा आम्ही त्या दिवशीं शिकलों.

यंत्राची रचना.—गळती शोधावयाची तर तेल कोणत्या वाटेनें फिरतें हें प्रथम समजलें पाहिजे. एंजिनच्या जोरावर स्टिअरिंगचें काम हलकें करण्याची युक्ति फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन एंजिनिअरनें १९२६ साली मोटारगाडींत बसवून दाखविली. आमच्या देशांत तिचा सार्वत्रिक प्रसार पुष्कळ उशिरां झाला. जमशेदपूर येथें डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानें १९५४ पासून बांधले जाऊं लागलेले ट्रक ज्यांनीं चालविले, त्यांस भरल्या गाडीचें चक्र वळवितांना दंड कसे भरून येत हें चांगलें आठवत असेल. आतां पॉवर स्टिअरिंग ही मोठ्या ट्रकमधील नित्याची वस्तु झाली आहे, व आमच्याच पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें अशा स्टिअरिंग बॉक्सचा कारखाना आहे.

या यंत्राचीं अंगें चार. पहिलें अंग तेलाची टाकी. हिच्यांत बहुधा गाळणी असते. दुसरें अंग पंप. यास एंजिन पट्ट्यानें किंवा दांतेरी चक्रानें फिरवितें. तिसरें अंग स्टिअरिंग बॉक्स. यांत एक दट्ट्या असून चालक ज्या बाजूस चक्र वळवील त्या बाजूस पंपाचें तेल दट्ट्यास ढकलतें, आणि ड्रॉप आर्म व त्याला जोडलेल्या दांड्यांच्या द्वारें पुढील चाकें वळतात. चौथें अंग नळ्या. या तीन असतात. टाकींतून पंपाकडे जाणारी ओढीची नळी, पंपांतून बॉक्सकडे जाणारी दाबाची नळी, व बॉक्सकडून टाकीकडे येणारी परतीची नळी. या तिन्हींचा भेद वाचकांनीं मनांत पक्का ठसवावा, कारण पुढील सर्व परीक्षा त्यावरच उभारलेली आहे. कांहीं लहान व नव्या गाड्यांत तेलाऐवजीं विजेच्या मोटरीचें स्टिअरिंग असतें; त्यांना हें विवेचन लागू नाहीं.

गळतीपासून धोका.—"थोडें तेल गळतें, त्यांत काय मोठेंसें ?" असें म्हणणारे बरेच भेटतात. ठिबकसिंचनाच्या तोट्यांवर ऊस पिकविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास थेंबाचा हिशेब शिकवावयास नकोच. दर दहा सेकंदांस एक थेंब पडला, तर तासाला ३६० थेंब होतात. वीस ते पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास तासाला सुमारें १५ ते १८ मिलिलिटर, व दहा तासांच्या कामांत सुमारें १५० ते १८० मिलिलिटर तेल जातें. टाकीच्या वरच्या व खालच्या खुणेंतील अंतर फारसें नसल्यामुळें दोनचार दिवसांतच पंप हवा ओढूं लागतो. आणि तेलावांचून फिरणारा पंप थोड्याच वेळांत खराब होतो. म्हणजे साध्या नळीचा दोष पंपाच्या खर्चावर जातो.

याहून मोठा धोका रस्त्यावरचा आहे. तेल संपलें तरी चक्र व चाकें यांचा लोखंडी संबंध तुटत नाहीं. गाडी वळते, परंतु अतिशय जड वळते. उसानें भरलेला ट्रक अरुंद वळणावर असतां हें जडपण एकाएकीं आलें, तर चालकास सांवरण्यास अवधि मिळत नाहीं. हंगामांत याच रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असते. आषाढ वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी काटेवाडीवरूनच पुढें जाते व हजारों वारकरी पायीं चालत असतात. ज्याच्या हातीं भरला ट्रक आहे त्यानें हें लक्षांत ठेवावें. शिवाय दाबाच्या नळीतून उडालेली तेलाची बारीक फवार एंजिनच्या तापलेल्या धुराड्यावर पडल्यास पेट घेऊं शकते, आणि ऊस, पाचट, कडबा वाहणाऱ्या गाडीस त्याहून भयंकर संकट कोणतें ?

तेल कोणतें तें ओळखावें.—ट्रकखालीं डाग दिसला म्हणजे तो स्टिअरिंगच्याच तेलाचा असें मानूं नये. रात्रीं पुढच्या भागाखालीं पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा व सकाळीं डाग पाहावा. पुष्कळ ट्रकांच्या पॉवर स्टिअरिंगमध्यें ए. टी. एफ. या नांवानें मिळणारें पातळ, तांबडें तेल असतें. जुनें झालें म्हणजे तें तपकिरी होतें व जळका वास मारूं लागतें. एंजिनचें वापरलेलें तेल काळें असतें. गिअरचें तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल वासावरूनच कळतें. रेडिएटरचें पाणी हिरवें, नारिंगी व कधीं कधीं तांबडेंही असतें, म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये. दोन बोटांत चोळून पाहावें. तेल बुळबुळीत लागतें व पाण्याच्या भांड्यांत टाकल्यास वर तवंग धरतें; रेडिएटरचें पाणी भांड्यांतील पाण्यांत मिसळून जातें. परीक्षा झाल्यावर हात साबणानें धुवावे.

अगोदर धुवावें, मग पाहावें.—आमची चूक झाली ती येथेंच. महिन्यांचा चिखल व तेल यांचा थर चढलेल्या बॉक्सवर गळतीचें मूळ ब्रह्मदेवासही दिसणार नाहीं. एंजिन थंड असतां टाकी, पंप, नळ्या, बॉक्स व ड्रॉप आर्म साबणाच्या पाण्यानें व ब्रशानें स्वच्छ धुवावे. विजेच्या जोडांवर पाणी जाऊं देऊं नये, व टाकीचें झांकण घट्ट असावें. नंतर सर्व भाग कोरडे पुसून त्यांवर खडूची बारीक पूड कापडाच्या पुरचुंडीनें झटकावी. पांढऱ्या पुडीवर तेलाची रेघ उमटते, व ती रेघ वर वर माग काढीत गेल्यास मुळापर्यंत पोंचवितें. सर्वांत उंचावरचा ओला भाग हाच गळतीचा उगम, हा नियम धरावा. तेल उतारानें खालीं येतें, आणि पंख्याचा वारा व गाडीचा वेग यांमुळें मागेंही उडतें. म्हणून शोध नेहमीं वर व पुढें करावा. चांगल्या गॅरेजांत तेलांत एक प्रकारचा रंग मिसळून विशिष्ट दिव्याच्या उजेडांत गळती चमकवून दाखवितात. ती सोय मिळाल्यास उत्तमच, परंतु खडूच्या पुडीनें बहुतेक काम भागतें.

केव्हां गळतें ?—यावरून निम्मा निर्णय होतो. गाडी रात्रभर उभी असतां पुठ्ठ्यावर डाग पडला, तर दोष टाकी, ओढीची नळी, परतीची नळी किंवा एखादें सील यांत असण्याचा संभव; कारण तेथें तेल केवळ आपल्या वजनानें बाहेर येतें. उभ्या गाडीखालीं कांहीं नाहीं, परंतु एंजिन चालू करून चक्र फिरवितांच तेल दिसूं लागतें, असें असल्यास दाबाची नळी व तिचे जोड यांवर संशय घ्यावा. मोठ्या ट्रकांत या नळींतील दाब दर चौरस सेंटिमीटरास शंभर किलोग्रामच्याही वर जातो. चक्र वळवितांनाच ड्रॉप आर्मपाशीं गळती वाढत असेल, तर तेथील सीलाकडे लक्ष द्यावें.

ही परीक्षा दोघांनीं करावी. गाडी सपाट जागेवर उभी करून हातब्रेक लावावा व मागील चाकांस पुढून-मागून लांकडी ठोकळे अडवावे. एकानें चक्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश वळवावें. टोंकास नेऊन पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये, कारण त्या वेळीं दाब व उष्णता पराकाष्ठेस पोंचतात. दुसऱ्यानें बाजूनें, दुरून, बॅटरीच्या उजेडांत पाहावें. एंजिन चालू असतां गाडीखालीं शिरूं नये, व केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कधींच जाऊं नये. आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. दाबाच्या नळीची गळती हातानें चांचपून शोधूं नये. सुईसारख्या छिद्रांतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. जखम क्षुल्लक दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊं शकते. असें घडल्यास वेदना नसल्या तरी तत्काळ मोठें रुग्णालय गांठावें. शोधासाठीं पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा. धार त्यावर उमटते.

कोठें गळतें व उपाय काय ?—परतीच्या किंवा ओढीच्या नळीच्या टोंकाशीं ओल असल्यास प्रथम पकड आंवळून पाहावी. नळी दाबतां टणक लागत असेल किंवा टोंकाशीं चिरा असतील, तर आंवळण्यांत अर्थ नाहीं, नळीच बदलावी. दाबाच्या नळीच्या बोल्टाशीं गळत असल्यास तांब्याचे वायसर नवे घालावे. जुने वायसर पुन्हां बसवून बोल्ट अधिकाधिक आंवळीत गेल्यास आटे मात्र जातात. दाबाची नळी मधोमध किंवा धातूच्या टोपणाशीं पाझरत असेल, तर तीस कापड, तार किंवा पकड गुंडाळून वेळ मारून नेणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

ड्रॉप आर्मपाशींचें सील हें चिखल व धूळ यांच्या तडाख्यांत सांपडणारें असल्यामुळें तें खरोखरच पुष्कळदां जातें. परंतु नवें सील बसविण्यापूर्वीं शाफ्टवरून नख फिरवून पाहावें. सीलाच्या ओठानें तेथें खांच पाडली असेल, किंवा शाफ्ट आपल्या बैठकींत हलत असेल, तर नवें सीलही थोड्याच दिवसांत गळूं लागेल. अशा वेळीं बॉक्स उघडूनच दुरुस्ती केली पाहिजे. ड्रॉप आर्म काढण्यापूर्वीं शाफ्ट व आर्म यांवर एकमेकांसमोर छिन्नीची खूण करावी. नाहीं तर आर्म एक दांता पुढें-मागें बसतो व चक्र सरळ असतां गाडी सरळ जात नाहीं. चक्राकडून येणारा दांडा बॉक्सांत जेथें शिरतो तेथेंही एक सील असतें. बॉक्सचा माथा ओला व नळ्यांचे जोड कोरडे असल्यास त्याचा विचार करावा.

न दिसणारी गळती.—टाकींतील तेल कमी होतें, पण पुठ्ठा कोरडा, पूड कोरडी, कोठें थेंब नाहीं, असें कोडें कित्येकांस पडतें. जो पंप एंजिनच्या दांतेरी चक्रावर बसविलेला असतो, त्याच्या शाफ्टचें सील गेल्यास स्टिअरिंगचें तेल बाहेर न येतां एंजिनांत उतरतें. अशा वेळीं एंजिनच्या तेलाची डिपस्टिक पाहावी. न घालतां तेल वाढलेलें आढळल्यास बहुधा हाच दोष समजावा. डिझेल किंवा पाणी उतरल्यानेंही एंजिनचें तेल वाढतें, म्हणून दोन्ही टाक्यांवर खुणा करून तीन दिवस नोंद ठेवावी. इकडे जितकें घटतें तितकें तिकडे वाढत असेल, तर पंपाच्या सीलाविषयीं संशय उरत नाहीं.

दुसरा प्रकार याच्या उलट. ओढीची नळी सैल असल्यास एंजिन चालू असतां तेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत ओढली जाते. पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, टाकींत फेंस होतो, व तो फेंस झांकणांतून उतूं जाऊन टाकीच गळते असा भास होतो. एंजिन बंद करतांच टाकींतील तेल बोटभराहून अधिक वर चढलें, तर यंत्रांत हवा आहे असें ओळखावें.

दोषामागील दोष.—एकाच ठिकाणचें सील वारंवार जाऊं लागल्यास सीलास दोष देऊं नये. टाकींतील गाळणी गाळानें तुंबली किंवा परतीची नळी दबली, तर तेलास परत जाण्यास वाट राहत नाहीं, उलट दाब चढतो व सील फाटतें. पाटास मोरी लहान पडली म्हणजे बांध फुटतो, तसेंच हें आहे. बांध दुरुस्त करण्यापूर्वीं मोरी मोकळी करावी हें आमच्या शेतकऱ्यांस सांगावयास नकोच.

दुरुस्तीनंतर.—तेल ट्रकच्या पुस्तकांत सांगितलेलेंच घालावें. हातीं लागेल तें एंजिन ऑइल भरूं नये. तें दाट असून त्यामुळें पंप व सीलें बिघडण्याची भीति असते. गळती थांबविणारें म्हणून बाजारांत मिळणारें औषध रबर फुगवून कांहीं काळ ओल लपवितें. चिरलेली नळी किंवा घांसलेला शाफ्ट त्यानें बरा होत नाहीं. पुढील चाकें उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावीं, टाकी भरून एंजिन बंद असतांच चक्र दोन्ही टोंकांस पुष्कळ वेळां सावकाश फिरवावें व तेल खालीं जाईल तसतसें भरीत जावें. मग एंजिन मंद चालवून, बुडबुडे थांबेपर्यंत तेंच करावें. याप्रमाणें हवा निघून जाते. काढलेलें जुनें तेल बांधावर, विहिरीजवळ किंवा कालव्यांत ओतूं नये; डब्यांत सांठवून जुनें तेल रीतसर जमा करणाराकडे द्यावें. ज्या पाण्यावर आपला ऊस व आपलीं गुरें जगतात, तें आपल्याच हातानें नासविणें शहाणपणाचें नव्हे.

ट्रक विकत घेतांना.—सर्व गाडी धुळीनें माखलेली असून केवळ स्टिअरिंग बॉक्स धुतलेला चकचकीत दिसला, तर तो स्वच्छतेचा नमुना न समजतां प्रश्नाचें कारण समजावें. टाकीचें झांकण उघडून तेल पाहावें. काळें, जळकें किंवा फेंसाळ असल्यास किंमत ठरवितांना तें ध्यानांत घ्यावें. एंजिन चालू करून उभ्या गाडीचें चक्र दोन्ही बाजूंस वळवावें व आवाज ऐकावा. तासभर गाडी चालवून परत आल्यावर खालीं पुठ्ठा घालावा, आणि शक्य असल्यास तो रात्रभर ठेवूनच दुसऱ्या दिवशीं विसार द्यावा. विकणारा याला तयार नसेल, तर त्याचें उत्तर त्यांतच आलें.

आमच्या त्या सभासदांचा ट्रक शेवटीं एका साध्या नळीनें बरा झाला व हंगामभर चालला. बदलावयास सांगितलेला बॉक्स अद्याप तोच आहे. परंतु गेलेले दोन दिवस व सुकलेला ऊस कांहीं परत आला नाहीं. तोडलेला ऊस जितका उशिरां गाळला जाईल तितकें त्याचें वजन व साखर दोन्ही घटतात, हें प्रत्येक ऊसवाला जाणतो. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, हंगाम सुरू होण्यापूर्वीं, दसऱ्यास हत्यारांची पूजा कराल त्याच सुमारास, अर्धा दिवस काढून ट्रक धुवावा, खडूची पूड झटकावी आणि पुठ्ठा पसरावा. पाना हातीं घेण्यापूर्वीं डोळे उघडे ठेवले, तर पुष्कळ खर्च वांचतो. ज्या वाचकांस याहून निराळा अनुभव आला असेल त्यांनीं तो आम्हांस अवश्य लिहून कळवावा, म्हणजे सर्वांच्या उपयोगीं पडेल.